गोरोबाकाकांच्या ओट्यावर

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



गेल्या वर्षी आमच्या ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले. रीतसर निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, फराळाची पाकिटं आणि भिंतीवरचं एक घड्याळ. ज्याला उद्यापासून वेळेवर कुठंच जायचं नाही त्याला घड्याळ का देतात, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. भाषणांत सगळ्यांनी त्यांना 'आमच्या कुटुंबातले' म्हटलं. महिना झाला नसेल, तो एका सकाळी ते ऑफिससमोरच्या चहाच्या गाड्यापाशी उभे दिसले. मी विचारलं, "काका, पेन्शनचं काही राहिलंय का?" म्हणाले, "नाही हो, असाच आलो." पुढच्या आठवड्यात पुन्हा आले. तिसऱ्या खेपेला मात्र आतून कुणी बाहेर आलं नाही. मार्च महिना होता, प्रत्येकाच्या टेबलावर फायलींचा ढीग. मी उशिरा गेलो तेव्हा ते निघायच्या बेतात होते. मला म्हणाले, "छत्तीस वर्षं मस्टरवर सह्या केल्या. पण न सांगता ज्याच्या घरी जावं असं एक दार नाही."

मीही पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. त्यामुळं ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. मी साधा बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. इतिहासाचा पंडित नाही. पण आपल्या भागातल्या माणसांनी कामाबाहेरची सोबत कशी शोधली, याचा मी आपल्या परीनं मागोवा घेऊ लागलो, आणि पहिल्यांदा तेरला जाऊन पोचलो.

तेर आपल्या धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर, तेरणेच्या काठी. आज शांत दिसणारं हे गाव एकेकाळी कामाधंद्याचं केवढं मोठं ठाणं होतं! जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात, 'पेरिप्लस'मध्ये, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेलं फार मोठं शहर म्हणून तगरचा उल्लेख आहे. इथलं कापड गाड्यांमधून भडोचच्या बंदराला जायचं आणि तिथून समुद्रापार. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी आवडीनं, आयुष्यभर जमवलेल्या वस्तू आज तिथल्या सरकारी संग्रहालयात आहेत. मणी, मातीच्या मूर्ती, भांडी, खेळणी. बघता बघता दुपार निघून जाते. हे जमवणं त्यांना कुणी नेमून दिलेलं काम नव्हतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

तो व्यापार संपला, ती शहरं गेली. तेरचं नाव राहिलं ते एका कुंभारामुळं. संत गोरोबाकाका. परंपरेनं त्यांचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि चौदाव्याची सुरुवात असा धरला जातो.

गोरोबाकाकांची एक गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ओटा आहे, संतांचा मेळा जमलेला आहे. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई, नामदेव. कोपऱ्यात पडलेलं थापटणं बघून मुक्ताबाई विचारतात, काका, हे काय? काका सांगतात, यानं मडकं थापटून बघायचं, पक्कं की कच्चं ते कळतं. मुक्ताबाई म्हणतात, मग आमची मडकीही बघा की! आणि काका उठून एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात. सगळे गप्प राहतात. नामदेव मात्र चिडतात. काका निकाल देतात, एवढं एक मडकं कच्चं आहे. नामदेव रुसून पंढरीला जातात, विठ्ठलाकडं गाऱ्हाणं मांडतात, आणि तिथून त्यांची रवानगी विसोबा खेचरांकडं होते. कीर्तनात ही गोष्ट गुरूचं महत्त्व सांगण्यासाठी येते. ते बरोबरच आहे.

पण मला त्या ओट्यावर बसलेल्या माणसांविषयी बोलायचंय. ही माणसं एकमेकांकडं कशी आली?

आपल्याकडं जुन्या काळी काम म्हणजे नुसतं काम नव्हतं. काम म्हणजे जात. कुंभाराचा पोरगा कुंभार, सुताराचा सुतार. बलुतेदारीत प्रत्येकाचं काम ठरलेलं, सुगीला खळ्यावर मिळायचं धान्य ठरलेलं आणि बसायची जागाही ठरलेली. आमच्यातला मुलाणीही त्याच रांगेत होता. कामाच्या नात्यानं तुम्हाला जो भेटायचा तो एक तर तुमचाच भाऊबंद, नाही तर तुमचा धनी. तिसऱ्या माणसाला बरोबरीनं भेटायचं तर कामाच्या बाहेरच पडावं लागे. आज आपण मैत्री म्हणतो ती उगवायला तेवढीच जागा मोकळी होती.

आता त्या मेळ्यातली मंडळी बघा. गोरोबा कुंभार. सावता माळी, अरणचे. नरहरी सोनार. सेना न्हावी. नामदेव शिंपी. चोखामेळा महार. जनाबाई दुसऱ्याच्या घरी राबणारी. एका धंद्याचे दोघेजण सापडायचे नाहीत! सगळे एकाच वयाचे, एकाच वेळी एकत्र बसले असतील असं इतिहास ठामपणे सांगत नाही. या कथा पुढं चरित्रकारांनी रंगवल्या, महिपतींनी तर अठराव्या शतकात. पण शेकडो वर्षं मराठी माणसाला हा मेळा असाच आठवावासा वाटला, हा इतिहासच आहे. आणखी एक गंमत पाहा. यातल्या कुणीही आपलं काम सोडलं नाही. त्यांच्या अभंगांत माती आली, मळा आला, वस्तरा आला, सोन्याची मूस आली. आपापल्या कामाची भाषा घेऊनच ते दुसऱ्याच्या ओट्यावर गेले. कुंभारानं शिंप्याला तपासलं ते मडक्याच्या भाषेत.

गोरोबांच्या चरित्रातली दुसरी गोष्ट मला लहानपणापासून भिववते. चिखल तुडवता तुडवता नामात दंग झालेल्या गोरोबांच्या पायाखाली त्यांचं तान्हं लेकरू येतं. कीर्तनात शेवटी लेकरू हसत खेळत परत येतं. मला मात्र त्यातला एकटा माणूस दिसत राहतो. काम आहे, देव आहे, आणि 'काका, खाली बघा' असं ओरडायला जवळ कुणी नाही.

चोखोबांची गोष्ट तर त्याहून कठीण. मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचं काम चाललं होतं. वेठीला धरलेली माणसं. भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. परंपरेनं साल सांगतात १३३८. काम करून घेणाऱ्यांपैकी कुणाला त्यांची गरज उरली नव्हती. पंढरीहून नामदेव आले. त्या ढिगाऱ्यातून हाडं शोधली. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, अशी कथा आहे. ती हाडं त्यांनी पंढरपूरला नेली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. शिंपी आणि महार, कामाच्या नात्यानं एकमेकांचे कुणी नव्हते.

मात्र समाधी बाहेरच राहिली, हे विसरून चालणार नाही. मित्राला हाडं गोळा करता आली, दार उघडता आलं नाही. पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावं लागलं. सहाशे वर्षं गेली मधे. मेळ्याचं कौतुक करताना मी हा आकडा नेहमी शेजारी ठेवतो. आणि आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला, १९४१ च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते ते महार-मांग वतनदारांच्या परिषदेसाठी. वतन म्हणजे पुन्हा कामच, पिढ्यान् पिढ्या गळ्यात बांधलेलं. एकाच गावात शेजारी राबणाऱ्या दोन समाजांना एका मांडवात बसायला परिषद भरवावी लागली.

बायकांचा विचार केला की माझी ही मांडणी जरा अडखळते. कामावरून सुटल्यावर भेटू, असं बाई कधी म्हणणार? तिचं काम सुटतच नाही. म्हणून तिनं सोबत शोधली ती कामातच. जातं एकटीनंही ओढता येतं, पण दोघींनी ओढलं की हलकं जातं. पहाटेच्या अंधारात समोरासमोर बसून, एकाच खुंट्याला हात घालून, एकीनं ओवी म्हणायची, दुसरीनं पुढची जोडायची. सासरचा जाच, माहेरची आठवण, पंढरीची वाट, सगळं तिथं बोललं गेलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. मग पिठाची गिरणी आली. माझी आई गिरणीला दुवा द्यायची, तिच्या खांद्याचं दुखणं थांबलं होतं. पण तीच एकदा म्हणाली होती, "जातं गेलं आन् शेजारीण बी गेली." कष्ट गेले ते बरंच झालं. त्यांच्यासोबत भेटायची जागाही गेली, तिची भरपाई करायचं कुणाच्या मनात आलं नाही. पुढं महिला भजनी मंडळं निघाली, गेल्या तीसेक वर्षांत बचत गट आले. गटाच्या बैठकीत पैशाचा विषय अर्ध्या तासात संपतो आणि बायका दोन तास बसतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

आता निजामाच्या राज्यात येऊ. आपला जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९२९ मध्ये संस्थानानं एक फर्मान काढलं, गश्ती क्रमांक ५३. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढा. म्हणजे चार माणसांनी एकत्र बसणं हाच संशयाचा विषय झाला. मग लोक बसले कुठं? गणपतीच्या मांडवात, भजनात, तालमीत आणि वाचनालयात. परभणीचं गणेश वाचनालय १९०१ चं, खुद्द हैदराबादचं मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ चं. दरबाराची भाषा उर्दू, शाळेची उर्दू. वाचनालयात जाऊन मराठी वर्तमानपत्र उघडणं ही साधी करमणूक नव्हती. आपल्या लोहारा भागातल्या हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली होती. तिथं पुढं व्यंकटेश खेडगीकर नावाचे एक तरुण शिक्षक आले. आधी त्यांनी कामगार चळवळीत ना. म. जोशींच्या हाताखाली काम केलं होतं. प्रकृती ढासळली आणि ते या आडगावाला येऊन राहिले. १९३० मध्ये त्यांनी संन्यास घेतला. तेच स्वामी रामानंद तीर्थ. हैदराबादच्या मुक्तिलढ्याचं नेतृत्व ज्यांनी केलं त्यांच्या जिवाभावाच्या सोबतीची सुरुवात अशा एका कोपऱ्यातल्या शाळेत झाली.

इथं मला माझ्या घरातली एक गोष्ट सांगायची आहे. ती आजवर मी जाहीरपणे सांगितलेली नाही.

आम्ही पिंजारी. आजोबा खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचे, दिवाळीच्या आधी गाद्या-रजया पिंजून द्यायचे. ताणलेल्या तातीचा आवाज गल्लीत आला की पोरं मागं लागायची. हे काम एकट्याचं. दिवसभर नाकातोंडात कापूस आणि समोर बोलायला कुणी नाही. म्हणून असेल, आजोबांना एकादशीच्या भजनाची ओढ होती. शुक्रवारची नमाज चुकवायचे नाहीत आणि एकादशीचा टाळही. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' लिहून तीनशे वर्षं होऊन गेली होती. आणि आमच्या शहरात ख्वाजा शमशोद्दीन गाजींच्या उरुसाला कोण कोण जातं, हे मी सांगायला नको.

मग रझाकारांचे दिवस आले. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं घरदार टाकून बार्शी-सोलापूरकडं गेली. जाळपोळ झाली, माणसं मेली. त्यानंतर १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारतीय फौजा नळदुर्गात शिरल्या आणि १७ तारखेला संस्थान मुक्त झालं. पाठोपाठ सूडाची लाट आली, तिच्यात ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता असे मुसलमानही सापडले. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं सर्वांत जास्त झळ पोचलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद होतं. गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे बाकीचे तीन. मी हे दोन्ही सांगतो. एकच सांगणारे दोन्ही बाजूंना पुष्कळ आहेत.

आजोबा घरच्यांना घेऊन काही महिने बाहेर होते. परतले तेव्हा घराला दार नव्हतं आणि पिंजण गेलेलं होतं. ते कुणाच्या घरी गेलं हे गावाला माहीत होतं, आजोबांनाही. ते पारावर जाईनासे झाले. कामापुरतं बाहेर पडायचं, दिवस मावळायच्या आत घरी. एकादशीला भजनाचा आवाज आला की उठून मागच्या अंगणात जाऊन बसायचे. वडील तेव्हा दहा वर्षांचे होते, हे सगळं त्यांनीच मला सांगितलं.

एका एकादशीला भजनातले वीणेकरी दारात आले. तेली समाजाचे म्हातारे गृहस्थ. आत आले नाहीत. उंबऱ्यावर टाळांची जोडी ठेवली आणि म्हणाले, "भाई, ह्ये तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. दुसऱ्याच्या हातात नीट वाजंना." आणि निघून गेले. माफी मागितली नाही, समजूत घातली नाही. त्या एकादशीला आजोबा गेले नाहीत. पुढच्या एकादशीलाही गेले नाहीत. टाळ तसेच दिवळीत. तिसऱ्या खेपेला जेवण झाल्यावर त्यांनी टाळ घेतले, वडिलांचा हात धरला आणि निघाले. मारुतीच्या देवळापाशी नेहमीच्या जागी एक माणूस बसेल एवढी फट ठेवलेली होती.

ही गोष्ट सांगितली की लोकांचे डोळे पाणावतात आणि मला थोडं ओशाळल्यासारखं होतं. कारण पुढचा भाग राहून जातो. आजोबांनी त्या गावात पुन्हा कुणाचा कापूस पिंजला नाही. नवं पिंजण घेतलं, पण काम शेजारच्या गावांत केलं. कामाचा विश्वास मोडला तो मोडलाच. भजनाला मात्र मरेपर्यंत गेले. वडिलांनी एकदा विचारलं होतं, अब्बा, असं कसं? आजोबा म्हणाले होते म्हणे, "धंदा गावाशी व्हता. टाळ त्या म्हाताऱ्याचा." मी या वाक्यावर तीस वर्षं विचार करतोय. अजून पुरतं हाती लागलेलं नाही.

माणसं एकत्र बसतात ती हवेत नाही, कुठंतरी बसतात. ओटा लागतो, पार लागतो. हे मला नीट कळलं ते १९९३ नंतर. ३० सप्टेंबरची ती पहाट मराठवाडा विसरणार नाही. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं क्षणात बसली, जवळपास आठ हजार माणसं गेली. मी नोकरीला नवा होतो. याद्या करायला, पंचनामे लिहायला आम्हा कारकुनांना तिकडं पाठवलं होतं. पुढं बावन्न गावं संपूर्णपणे नव्या जागेवर वसवली गेली. घरं मजबूत, रस्ते रुंद, प्लॉट आखीव. भूकंपात दगडमातीच्या भिंती अंगावर पडूनच माणसं मेली होती, तेव्हा ऐसपैस आणि मोकळं बांधणं याला कारण होतं. त्याला नावं ठेवणार नाही.

पण काही वर्षांनी मी तशा एका गावात पुन्हा गेलो तेव्हा संध्याकाळी रस्त्यावर कुणी दिसेना. जुन्या गावात बोळ इतके अरुंद होते की समोरच्या ओट्यावरच्या माणसाशी बसल्या जागेवरून बोलता यायचं. इथं समोरचा माणूस हाकेच्या बाहेर. वाटपात शेजारी बदलले. एका म्हातारीनं मला चहा दिला, म्हणाली, "घर दिलं बाबा, झकास दिलं. शेजार कुटून देणार?" तिचा मुलगा मात्र मला गावाच्या एका टोकाला घेऊन गेला. तिथं लिंबाच्या झाडाखाली लोकांनी जुन्या गावातून उचलून आणलेले चार दगड मांडले होते. जुन्या पाराचे. नकाशात तो पार नव्हता. रात्री आठला तिथं चौदा-पंधरा माणसं होती.

माझ्या स्वतःच्या सोबतीची गोष्ट लहान आहे. सोलापूरला १९९० मध्ये पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष होते फ. म. शहाजिंदे. मी ऐन विशीत होतो. नाव आमचं आणि भाषा मराठी, याचं आश्चर्य न करणारी इतकी माणसं मी एका जागी पहिल्यांदाच बघितली. परत आल्यावर शहरात आम्ही पाच-सात जण दर रविवारी जमायला लागलो. जागा म्हणजे एक सायकलदुरुस्तीचं दुकान, रविवारी बंद असायचं म्हणून. एक एसटीत कंडक्टर, एक दवाखान्यात कंपाउंडर, एक शेतकरी, एक शाळामास्तर, दुकानाचा मालक आणि मी. एकाचं काम दुसऱ्याला धड कळत नव्हतं, आणि बढती-बदलीवर बोलायला विषयच नव्हता. पहिल्याच बैठकीत मी आईवर लिहिलेली कविता वाचली. सगळे 'वा' म्हणाले. कंडक्टर तेवढे गप्प. शेवटी म्हणाले, "भाऊ, राग मानू नका, पण हे कुठं तरी ऐकल्यासारखं वाटतंय. तुमच्या घरचं काही नाही का?" मला इतका राग आला की मी महिनाभर फिरकलो नाही. ऑफिसात तीस वर्षांत असं कुणी कुणाला सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. तिथं कामातली चूक दाखवतात, ती वेगळी. महिन्यानं गेलो तेव्हा पिंजणावरची कविता नेली होती.

त्या दुकानाची जागा दोनदा बदलली. मधे १९९२ चा डिसेंबर येऊन गेला. त्या रविवारी आम्ही जमलो नाही. त्यानंतरच्या रविवारी कंडक्टर माझ्या घरी आले आणि मला सोबत घेऊन गेले. शेतकरी मित्र गेले त्याला पाच वर्षं झाली. जानेवारी २०२० मध्ये आपल्याकडं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्र्याण्णवावं. साहित्यनगरीला नाव गोरोबाकाकांचं आणि अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, म्हणजे एक कॅथलिक धर्मगुरू. आमचा कंपू तिन्ही दिवस मागच्या खुर्च्यांवर होता. मोठमोठी भाषणं झाली. आम्ही मात्र त्या गर्दीत बाहेरगावच्या कवींना चहाची चांगली टपरी दाखवण्याच्या कामात होतो. बायका आमच्याकडं फारशा यायच्या नाहीत. पुष्कळ वर्षांनी एका शिक्षिकेनं सांगितलं, संध्याकाळी सहा ही स्वयंपाकाची वेळ आहे, तुम्हाला कधी सुचलं नाही का? खरंच सुचलं नव्हतं. आता आम्ही चारला बसतो. तिघीजणी येतात.

चहाच्या गाड्यावर भेटलेल्या त्या सहकाऱ्यांना मी एका रविवारी घेऊन गेलो. वाटेत दोनदा म्हणाले, "मला कवितेतलं काही कळत नाही हो." मी म्हटलं, आम्हालाही बेताचंच कळतं. ते कोपऱ्यात बसले, कविता ऐकल्या, एका कवितेच्या वेळी झोपलेही. शेवटी आमची वर्गणीची वही फिरली. चहा-बिस्किटाचा हिशेब गेली कित्येक वर्षं आम्ही आळीपाळीनं लिहितो. त्यांनी चष्मा लावला, वही जवळ ओढली आणि पाच मिनिटांत मान वर केली. "गेल्या सहा महिन्यांत तुम्ही सायकलवाल्यांना एकशेचाळीस रुपये जास्त दिलेत," ते म्हणाले, "आणि मास्तरांनी तीन महिने वर्गणीच दिलेली नाही." मास्तर कबूल झाले.

वही आता त्यांच्याकडं असते. येत्या रविवारी बैठक त्यांच्याच घरी आहे.